सतरा साते एकशे एकोणीस

चिंगी एकदाही जागी झाली नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढे जो गोंधळ झाला त्यात ही एकच गोष्ट अशी होती, जी तक्रारदाराच्या, म्हणजे चिंगीच्या आईच्या, बाजूची नव्हती. आठ महिन्यांची ती पोर रोज संध्याकाळी सातच्या सुमाराला डोळे मिटायची आणि खालच्या मजल्यावर बार जोरात चालू असतानाही ढाराढूर झोपायची. पण उद्या जागी झाली तर? हा प्रश्न नवऱ्याला पडत नव्हता, सासूबाईंना पडत नव्हता, आणि खुद्द चिंगीला तर मुळीच पडत नव्हता. त्यामुळे तो अख्खाच्या अख्खा तिच्या एकटीच्या वाट्याला आला होता.

ती मानसशास्त्रात एम. ए. होती. चिंगी होईपर्यंत ह्या पदवीचा कुणाला काही त्रास नव्हता. पण नंतर तिने बालसंगोपनाचं एक उशीएवढं जाड पुस्तक आणलं आणि त्यात ‘बाळाच्या झोपेसाठी संपूर्ण शांतता’ असं एक प्रकरणच्या प्रकरण निघालं. तेव्हापासून घरात सगळे चवड्यांवर चालत. कुकरला शिट्टी काढायची परवानगी नव्हती. चिंगी झोपली की ती तिच्या नाकाखाली बोट धरून श्वास चालू आहे ना ते बघायची. चालू असला की तो जरा जास्तच जोरात तर चालू नाही ना, ते बघायची. मग पुन्हा पहिल्यापासून. आपण शेवटचं सलग कधी झोपलो होतो, हे तिला आठवत नव्हतं, आणि आठवायला बसलं की डोळा लागेल या भीतीने ती आठवायलाही बसत नसे.

आणि अशा घराच्या बरोबर खाली ‘मधली सुट्टी’ होती.

‘मधली सुट्टी’ हा बार होता. पण तसं म्हटलं तर हेडसरांना राग यायचा. हेडसर म्हणजे मुलांच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. निवृत्त झाल्यावर माणसं बाग करतात, गुडघ्यांचे व्यायाम करतात, वर्तमानपत्रांना पत्रं लिहितात. हेडसरांनी बंद पडलेल्या एका शाळेची बाकं विकत घेतली, एक फळा घेतला, पितळी घंटा तर त्यांची स्वतःचीच होती, आणि इमारतीच्या तळमजल्यावरच्या अरुंद खोलीत कॉकटेलचा वर्ग सुरू केला. फळ्यावर पेयांची नावं खडूने लिहिलेली असत: ‘गृहपाठ’, ‘तोंडी परीक्षा’, ‘अंगठे धरा’. ऑर्डर द्यायची तर हात वर करायचा. उशिरा येणाऱ्याने दारात उभं राहून कारण सांगायचं. त्यांच्या हाताखालून गेलेली पोरं आता चाळिशी-पन्नाशीची झाली होती, कुणी डॉक्टर, कुणी वकील, आणि ती सगळी मुकाट्याने दारात उभी राहून कारणं सांगत.

मुख्य नियम पाढ्याचा होता. सात वाजता पहिल्या फेरीची पेयं व्हायची. हेडसर शेकर हातात घेत, आणि ते तो हलवत असताना अख्ख्या वर्गाने एका सुरात सतराचा पाढा म्हणायचा. पाढ्याच्या ठेक्यावर हलवल्याशिवाय मिश्रण एकजीव होत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. पुढे ज्याला तिसरा पेला हवा असेल, त्याने तोच पाढा एकट्याने उभं राहून म्हणायचा. चुकला तर लिंबूपाणी. सतराचाच का, असं कुणीतरी एकदा विचारलं होतं.

“बाराचा पाढा कसलाही माणूस म्हणतो,” हेडसर म्हणाले होते. “एकोणतीसचा शुद्धीवरच्यालाही येत नाही. सतरा हीच माणसाची खरी परीक्षा.”

तर रोज सातला खालून वीस-पंचवीस दणकट गळ्यांतून “सतरा एके सतरा” सुरू व्हायचं, त्याला शेकरमधल्या बर्फाची खळ्ळ-खळ्ळ साथ असायची, आणि वर ती चिंगीच्या पाळण्याशी श्वास रोखून बसायची. आता उठेल. आता नक्की उठेल. चिंगी उठायची नाही. हे तिला जास्तच असह्य व्हायचं.

“तू खाली जाऊन सांग ना त्यांना,” ती एक दिवस नवऱ्याला म्हणाली.

“मी?” नवरा म्हणाला. तो एका कंपनीत हिशेब तपासायचा आणि मोठमोठ्या साहेबांना घाम फोडायचा. “अगं, मी त्यांचा विद्यार्थी. सातवीत त्यांनी मला बाकावर उभं केलं होतं.”

“मग?”

“मग काय? अजून ‘बस’ म्हणालेले नाहीत.”

सासूबाईंनी पेपरामागून सुस्कारा सोडला. “हा लहान असताना आमच्या शेजारी लोहार होता हो. दिवसभर ठाण-ठाण. झोपायचा आपला.” मग पेपर खाली करून मुलाकडे बघत म्हणाल्या, “अर्थात, त्यामुळेच असा झाला असेल, तर मला माहीत नाही. मी काही एम. ए. नाही.”

शेवटी तिने चेअरमनकाकांना गाठलं. चेअरमनकाका इमारतीच्या सोसायटीचे चेअरमन होते आणि ‘मधली सुट्टी’त पहिल्या बाकावर बसत. तिने सांगितलेलं सगळं त्यांनी गंभीरपणे ऐकलं, आणि तक्रारीवर सगळ्यात आधी सही केली.

“पण काका, तुम्ही तर रोज तिथे…”

“ते वैयक्तिक,” चेअरमनकाका म्हणाले. “हे सार्वजनिक. सही करायची म्हटली की मी आजवर कधी मागे राहिलेलो नाही.”

समोरच्या काकूंनीही सही केली. आपण कशावर सही करतोय हे त्यांना नीट कळलं नव्हतं, पण बिचारीचा चेहरा बघवेना, असं त्या नंतर म्हणाल्या.

आवाज नियंत्रण कक्ष एका सरकारी इमारतीच्या टोकाला होता, आणि तिथे इतका कलकलाट होता की खिडकीतल्या कारकुनाला प्रत्येक गोष्ट दोनदा ओरडून सांगावी लागली.

“आवाज कसला?”

“पाढ्यांचा.”

“कसला?”

“पाढ्यांचा! सतराच्या!”

कारकुनाने समोरचा तक्ता बोटाने वरपासून खालपर्यंत तपासला. “वाहनं आहेत. यंत्रं आहेत. वाद्यं आहेत. प्राणी आहेत. पाढे नाहीत. म्हणतं कोण?”

“माणसं.”

“मग प्राण्यांत घालतो,” कारकून म्हणाला. “किती आवाज येतो?”

“खूप.”

“बाई, खूप हा आकडा नाही. साहेब मशीन घेऊन येतील आणि मोजतील. मोजणी होईपर्यंत आवाज बंद ठेवा, अशी नोटीस खालच्यांना आजच जाईल.”

“साहेब कधी येतील?”

“मशीन दुरुस्तीला गेलंय,” कारकून म्हणाला, आणि हे उत्तर पूर्ण आहे अशा चेहऱ्याने त्याने पुढच्या माणसाला बोलावलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दारावर टकटक झाली. हेडसर उभे होते. धुतलेला सदरा, कोटाच्या खिशात लाल पेन, हातात नोटीस. नवरा आतल्या खोलीत होता. तो आतच राहिला.

“बाई,” हेडसर म्हणाले, “माझ्यामुळे मुलीची झोपमोड झाली?”

ती खोटं बोलू शकली असती. पण हेडसरांची नजर अशी होती की मागच्या चाळीस वर्षांत तिच्यासमोर कुणाला खोटं बोलणं जमलं नव्हतं.

“झाली नाही,” ती म्हणाली. “पण होऊ शकते.”

हेडसरांनी यावर बराच विचार केला. तेवढ्यात तिला वाटलं की आता ते हसतील. ते हसले नाहीत.

“होऊ शकते,” ते म्हणाले. “बरोबर आहे. मी हा विचार केला नव्हता. मुख्याध्यापकाने करायला हवा होता.” आणि मान खाली घालून जिना उतरून गेले. त्यांना परत बोलवावं, असं तिला वाटलं. पण तिने ते पुस्तकातल्या त्या प्रकरणाखाली दाबून टाकलं.

त्या संध्याकाळपासून ‘मधली सुट्टी’त शांतता सुरू झाली. साधीसुधी नाही, हेडसरांनी मनावर घेतलेली शांतता. बाकांच्या पायांना जाड कापड बांधलं. घंटेवर लोकरीचा मोजा चढवला. शेकर कपाटात गेला आणि पेयं लांब चमच्याने ढवळून होऊ लागली. प्रत्येक गिऱ्हाइकाला पाटी आणि पेन्सिल मिळाली. ऑर्डर पाटीवर, कारण पाटीवर, आणि सातचा पाढासुद्धा पाटीवर. ज्याची पेन्सिल कर्र वाजेल त्याला बाहेर उभं करत.

वर ती पाळण्याशी बसली. सात वाजले. काहीही ऐकू आलं नाही. पुस्तकात लिहिली होती तशी, अगदी छापील शांतता. तिने विजयाने नवऱ्याकडे पाहिलं.

चिंगीने डोळे उघडे ठेवले. आधी छताकडे बघितलं, मग आईकडे, मग जमिनीकडे. एखाद्याने ठरलेल्या वेळी गाडी आली नाही म्हणून रुळांकडे बघावं तसं. मग तिने तोंड उघडलं.

त्या दिवशी ती फार उशिरा, रडून दमल्यावर झोपली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी सल्लागार मंडळ बसलं. समोरच्या काकू म्हणाल्या, दात येत असतील. चेअरमनकाका म्हणाले, पाळण्याची दिशा चुकली असेल. पाळणा चारही दिशांना फिरवून झाला. चिंगी चारही दिशांना रडली. सासूबाई म्हणाल्या, “मी काही बोलत नाही. पण आता इतकी शांतता झाली आहे की माझाच डोळा लागत नाही. कुणीतरी गेल्यासारखं वाटतं.”

इकडे खालच्या शांततेची ख्याती पसरली. गावभरची वैतागलेली माणसं ‘मधली सुट्टी’त गर्दी करू लागली. घरी कुणीतरी बोलतं म्हणून तिथे येऊन गप्प बसायला लोक रांग लावत. रोजची पहिल्या बाकावरची मंडळी मात्र सुकत चालली.

त्यातूनच उलगडा झाला. एका संध्याकाळी रडणाऱ्या चिंगीला खांद्यावर टाकून ती जिन्याशी उभी होती. चेअरमनकाका खालून घरी चालले होते. कितीतरी दिवस पाटीवर गिरवलेला पाढा त्यांच्या घशात अडकला असावा, कारण एकेक पायरी चढताना ते स्वतःशीच पुटपुटत होते. “सतरा पाचे पंच्याऐंशी… सतरा सक एकशे दोन…”

खांद्यावरचं रडणं थांबलं.

“सतरा साते एकशे एकोणीस…”

चिंगीने एक मोठ्ठी जांभई दिली आणि आईच्या खांद्यावर मान टाकली.

ती जागच्या जागी थिजली. तिच्यासारख्या सावध बाईच्या डोळ्यांसमोर ही गोष्ट महिनोन् महिने रोज घडत होती. ती रोज ‘आता उठेल’ म्हणून पोरीकडे टक लावून बघत होती, आणि पोर रोज बरोबर ‘साते’ला झोपत होती. इतकं टक लावून बघितल्यावर दिसणार तरी कसं?

“काका,” ती कुजबुजली, “आठे म्हणा. नवे म्हणा. थांबू नका.”

काका दचकून थांबले. चिंगीने डोळे उघडले आणि गळा काढला.

चेअरमनकाकांना रोज जिन्यात उभं करणं काही बरं दिसलं नसतं. त्यामुळे घरचाच पाढा सुरू करायचं ठरलं. पहिला मान बापाला मिळाला. नवऱ्याने घसा खाकरून सुरुवात केली, साते सुद्धा ठीक गेलं, चिंगीच्या पापण्या मिटल्या, आणि तो म्हणाला, “सतरा आठे एकशे चौतीस.”

चिंगीने खाडकन डोळे उघडले.

“छत्तीस!” चिंगीची आई किंचाळली. “तू हिशेब तपासतोस ना लोकांचे?”

“ते मशीनवर तपासतो,” नवरा दुखावल्या आवाजात म्हणाला. “आणि याच आठेसाठी मी बाकावर उभा राहिलो होतो. ती जागाच माझी घसरडी आहे.”

तिने स्वतः म्हणून पाहिलं. पण तिचा आवाज काळजीने इतका बारीक यायचा की चिंगीला वाटे, आई रडतेय, आणि ती साथ द्यायची. सासूबाईंना पाढा पाठ होता, पण एकटीने म्हणायला लाज वाटते म्हणाल्या. मग त्यांच्या सोबतीला समोरच्या काकू आल्या. काकूंच्या हातात राजम्याने अर्धा भरलेला स्टीलचा डबा दिला, शेकर म्हणून. तो त्यांनी असा काही हलवला की झाकण उडून राजमा पाळण्यात पडला. पुढे झाकणाला रबर लावलं. तरी चिंगी निम्मीच झोपायची. एक डोळा मिटायची आणि दुसरा उघडा ठेवून बघायची. तिला ह्या मंडळींचा घेर पुरत नव्हता. म्हणून आवाज वाढवत न्यावा लागला. चौघं, डबा, आणि रोज आधीच्या दिवसापेक्षा वरची पट्टी.

आता एकच उपाय उरला होता, आणि तो गिळायला फार अवघड होता. एका संध्याकाळी ती ओढणी नीट करून, मान ताठ ठेवून, ‘मधली सुट्टी’त उतरली. वर्ग गच्च भरला होता आणि टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता होती. तिने बोलायला तोंड उघडलं, तोच तीस जणांनी ओठांवर बोट ठेवलं. हेडसरांनी तिच्या हातात पाटी दिली.

तिने लिहिलं: ‘कृपया आवाज करा.’

हेडसरांनी वाचलं. लाल पेनाने कोपऱ्यात अक्षराला दहापैकी सात दिले. खाली लिहिलं: ‘मोजणी होईपर्यंत नाही.’

तिने पुसून लिहिलं: ‘मुलगी झोपत नाही.’

हे वाचून हेडसरांचा चेहरा असा झाला की तिला वाटलं, आत्ता शेकर काढतात. त्यांचा हात कपाटाकडे गेलासुद्धा. पण अर्ध्यावर थांबला. ‘नियम,’ त्यांनी लिहिलं, आणि पाटी इतक्या हळुवारपणे काउंटरवर ठेवली की तिला रडू आलं. मागे पाढा गिळून बसलेली पहिल्या बाकावरची मंडळी तिच्याकडे बघत होती. कुणी काही बोललं नाही. बोलायची सोयच नव्हती.

ती पुन्हा आवाज नियंत्रण कक्षाच्या खिडकीशी गेली.

“तक्रार मागे घ्यायची आहे.”

“कारण?”

“आवाज येत नाही.”

“म्हणजे तक्रारीचं निवारण झालं.”

“नाही, आता हीच तक्रार आहे.”

कारकुनाने पेन खाली ठेवलं. “बाई, आवाज येतो अशी तक्रार आम्ही घेतो. येत नाही, अशी कुठे घ्यायची? आणि मोजणीशिवाय आधीची बंद करता येत नाही.”

“मग मोजणी करा!”

“कशाची? आवाज तर येत नाही म्हणता. आवाज झाल्याशिवाय मोजता येत नाही.”

“आणि मोजल्याशिवाय ते आवाज करत नाहीत.”

“बघा,” कारकून समाधानाने म्हणाला, “तुम्हाला कळलं. बऱ्याच जणांना कळत नाही.”

तरी ती हलली नाही. काळजी ही अशी चीज आहे की ती माणसाला खिडकीशी कितीही वेळ उभं ठेवू शकते. ती रोज जाऊन उभी राहू लागली. सुरुवातीला कारकून तिच्याकडे बघायचा नाही, मग बघायचा, मग तिला बघून आत निघून जायचा. शेवटी तिची कटकट जावी म्हणून की काय, मशीन दुरुस्त झालं.

साहेब आले ते बरोबर सातला. सडपातळ, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, गळ्यात पट्ट्याने अडकवलेलं मशीन. आधी ते तळमजल्यावर गेले. हेडसरांनी त्यांना आदराने मधोमध उभं केलं आणि तीस माणसं श्वास धरून बसली. मशीनचा काटा जागचा हलला नाही. साहेबांनी ते झटकून पाहिलं. पुन्हा बिघडलं की काय? तेवढ्यात काटा थरथरला. मग सरकला. मग उडी मारून पलीकडे गेला. साहेबांनी हळूहळू मान वर करून छताकडे पाहिलं.

वर त्या दिवशी मैफल रंगात आली होती. साहेब येणार हे तिला कुणी कळवलंच नव्हतं. काकू डोळे मिटून डबा घुसळत होत्या. सासूबाईंची लाज केव्हाच गेली होती. त्या ‘सतरा दुणे’ला असा काही दणका देत की भिंतीवरचं घड्याळ हलायचं. नवरा पाळण्याची दोरी ओढत, घशाच्या शिरा ताणून साथ देत होता. चिंगी एक डोळा मिटून होती. तिची आई दाराकडे तोंड करून बसली होती, म्हणून तिलाच पहिल्यांदा साहेब दिसले. आणि साहेबांच्या छातीवरचं मशीन.

“तक्रारदार कोण?” साहेबांनी ओरडून विचारलं.

“मी.”

“आवाज कुणाचा?”

“आमचा.”

“म्हणजे तुमची तुमच्याचविरुद्ध तक्रार आहे?”

“नाही हो साहेब,” सासूबाई न थांबता मध्येच म्हणाल्या. “तशी समजूतदार आहे ती. शिकलेली आहे, एवढंच. सतरा सक एकशे दोन!”

तिला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपण थेट खाली ‘मधली सुट्टी’त जाऊन पडावं. ज्या कक्षाला आपण बोलावलं, तो आपल्याच दारात उभा राहून आपलाच आवाज मोजतोय. याहून जास्त काय व्हायचं राहिलंय? राहिलं होतं. नवऱ्याची दाराकडे पाठ होती. साहेब आलेत याचा त्याला पत्ताच नव्हता. त्याने साते पार केलं, चिंगीचा दुसरा डोळा मिटू लागला, आणि तो पूर्ण विश्वासाने गरजला:

“सतरा आठे एकशे चौतीस!”

“छत्तीस!!”

ही गर्जना जिन्यातून आली. सगळी इमारत हादरली. काकूंच्या हातातून डबा सुटला. साहेबांच्या मागोमाग वर आलेले हेडसर दारात उभे होते, चेहरा लालबुंद. नोटीस, नियम, मोजणी, सगळं त्यांना पाळता आलं होतं. पण सतरा आठे एकशे चौतीस ऐकून गप्प बसणं त्यांच्या हाडामांसात नव्हतं. नवरा मागे वळला, त्याने हेडसरांना पाहिलं, आणि एक अक्षर न बोलता तो शेजारच्या स्टुलावर चढून उभा राहिला.

“पुढे!” हेडसर म्हणाले.

जिन्यात वरपासून खालपर्यंत पेले हातात घेऊन उभ्या असलेल्या सगळ्या वर्गाने छाती भरून श्वास घेतला. “सतरा नवे एकशे त्रेपन्न! सतरा दाहे एकशे सत्तर!” आणि कुणी न सांगता पुन्हा, “सतरा एके सतरा!” चेअरमनकाकांच्या डोळ्यांत पाणी होतं. साहेबांचा काटा मशीनच्या भिंतीला जाऊन टेकला आणि तिथेच राहिला.

पण साहेब काट्याकडे बघत नव्हते. ते पाळण्यात बघत होते. साते आलं, आणि चिंगीने दोन्ही डोळे मिटले, तोंड उघडं टाकलं आणि झोपली.

“झोपली,” साहेब कुजबुजले. मग चिंगीच्या आईजवळ येऊन, इकडेतिकडे बघत, आणखी हळू आवाजात म्हणाले, “माझ्याकडे जुळी आहेत. सतराचाच लागतो का?”

निकाल कागदावर आला तो असा: खालच्या जागेत आवाज आढळला नाही, सबब तक्रारीत तथ्य नाही, सबब बंदी उठवली. आवाजाचा उगम तक्रारदाराच्याच घरात सापडला, सबब तक्रारदारास समज देण्यात येते. तिने तो कागद घडी करून जाड पुस्तकात ठेवला. त्या प्रकरणातच, म्हणजे दोन्ही एकमेकांना बघून घेतील.

हेडसर दुसऱ्या दिवशी दुपारी वर आले. “‘बस’,” ते आधी नवऱ्याला म्हणाले. इतक्या वर्षांनी. नवरा लगेच बसला. मग ते तिच्याकडे वळले. “बाई, आज सातला खाली या. ज्याने वर्गाविरुद्ध तक्रार केली, त्याने एकदा वर्गात बसून बघावं, असा माझा नियम आहे.”

“पण चिंगी…”

“तिचे वडील आहेत वर. त्यांना आठे म्हणायची गरज पडणार नाही. ते आम्ही म्हणू.”

नवऱ्याने झाडूचा दांडा हातात घेतला. चिंगी झोपली की जमिनीवर एक ठोका, उठली की दोन, असं ठरलं. सासूबाई म्हणाल्या, “जा हो, जा. मी आहे.” आणि मग, अगदीच चांगुलपणा दिसू नये म्हणून, “ओढणी तेवढी इस्त्रीची घे.”

ती शेवटच्या बाकावर, भिंतीला टेकून बसली. कान छताला लागलेले. हेडसरांनी तिच्यासमोर एक उंच पेला ठेवला. लिंबू, पुदिना, संत्र्याची साल, भरपूर बर्फ.

“मी अजून बाळाला पाजते,” ती घाईने म्हणाली.

“ठाऊक आहे. याचं नाव ‘हजेरी’. यात काही नाही. नुसतं बसायचं.” त्यांनी घंटेवरचा मोजा काढला, कपाटातून शेकर काढला, आणि वर्गाकडे बघून मान हलवली.

“सतरा एके सतरा…”

वरून तो आवाज नेहमी हल्ल्यासारखा वाटायचा. खाली, त्याच्या पोटात बसल्यावर, तो तसा नव्हता. बर्फ ठेक्यात खळखळत होता, बाकाची फळी मागून किंचित थरथरत होती, आणि पंचवीस माणसं आपापली काळजी बाजूला ठेवून एकच गोष्ट म्हणत होती, जी काल बरोबर होती आणि उद्याही बरोबर असणार होती. सतरा त्रिक एक्कावन्न. आता उठेल का, हा प्रश्न नेहमीप्रमाणे तिच्या मनात आला. सतरा चोक अडुसष्ट. येऊन बसला. सतरा पाचे पंच्याऐंशी.

सातेला वरून एक ठोका आला. ठक!

सगळा वर्ग आनंदाने मागे वळला, तिला सांगायला. ती बाकावर डोकं टेकून गाढ झोपली होती. एक हात पुढे पसरलेला, बोट किंचित वर, कुणाच्या तरी नाकाखाली धरल्यासारखं.

चेअरमनकाकांनी झटकन ओठांवर बोट ठेवलं. पाढा तुटला. शेकर थांबला. कुणीतरी हळूच पाट्या काढल्या. त्या माऊलीला झोपू द्यावं म्हणून पंचवीस माणसं पुतळ्यासारखी बसली.

ठक! ठक!

“अरे, थांबलात कशाला?” हेडसर दबक्या आवाजात कडाडले. “एक वर आहे, एक खाली आहे. म्हणा! सतरा आठे…”

“एकशे छत्तीस!”

ठक! ती हलली नाही. सतराचा संपला, अठराचा घेतला. तो संपला, एकोणीसचा घेतला. थांबायची सोय नव्हती. मध्ये श्वास घ्यायला थांबलं की वरून दांडा आपटायचा. तेविसाच्या पाढ्यात दोन वकील घसरले, त्यांना लिंबूपाणी. सव्विसात डॉक्टर गेले. सत्ताविसात चेअरमनकाका. पहिल्या फेरीनंतर कुणाच्याच हाती दुसरा पेला लागला नाही, आणि जो तो आपलं लिंबूपाणी पीत, कोपऱ्यातल्या बाकाकडे बघत, हळू आवाजात, पण न थांबता, पुढे म्हणत राहिला.

एकोणतिसाला हेडसर एकटेच उरले. शेकर ठेक्यात हलवत, डोळे अर्धे मिटून, ते एकोणतीस सातेपर्यंत नीट आले. मग त्यांची नजर त्या वर उचललेल्या बोटाकडे गेली. ते आता सैल होऊन बाकावर टेकलं होतं. “एकोणतीस आठे,” हेडसर म्हणाले, “दोनशे… चौतीस.”

वर्ग हबकून त्यांच्याकडे बघत राहिला. वरून दांडा आपटला नाही. चिंगीला एकोणतिसाचा कुठे येत होता?

हेडसरांनी फळीवरचं शेवटचं लिंबू घेतलं, कापलं, स्वतःसाठी पेला भरला, आणि सगळ्यांना खूण केली: सतरापासून, परत.